कढईच्या काठावरचा पाचवा गोल

१

रविवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी अत-बाशी संघाचा पाचवा गोल नाहीसा झाला.

शनिवारी तो दोन हजार लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. चार-चार अशी बरोबरी, हातात अकरा सेकंदं. एल्दियारच्या काळ्या घोड्यानं तलासच्या दोन घोड्यांमधून मुसंडी मारली. त्यानं उलाक, म्हणजे मुंडकं नसलेलं बोकडाचं धूड, वर उचलून फेकला. तो कढईच्या काठावर आपटला, क्षणभर लोंबकळला आणि आत पडला. घोडे खरे नव्हते, बोकडही खरा नव्हता, सगळं पडद्यावर. पण सभागृहात उडालेल्या टोप्या खऱ्या होत्या.

कोक-बोरू म्हणजे घोड्यावरून बोकड पळवून प्रतिपक्षाच्या कढईत टाकायचा किर्गिझ खेळ. त्याच्या या संगणकी स्पर्धेत एक रिवाज होता. अंतिम सामन्याचा रिप्ले दुसऱ्या दिवशी दोन्ही कप्तानांसमोर चालवायचा, मगच चषक द्यायचा. रिप्लेत चित्रं साठवलेली नसतात. आठ खेळाडूंनी कोणत्या क्षणी कोणतं बटण दाबलं, एवढीच यादी असते. ती यादी खेळाला पुन्हा भरवली की खेळ सगळं गणित नव्यानं करतो. बटणं तीच, गणित तेच, म्हणून सामनाही तोच.

हा खेळ बनवणाऱ्या 'तुल्पार' स्टुडिओच्या कार्यालयात आधी सभागृहातल्या सर्व्हरवरची खेळाची फाइल आणून लावली. ती चालूच झाली नाही. 'अवैध हुकूम' अशी एक ओळ आली आणि पडदा काळा झाला. मग कार्यालयात मोहोरबंद ठेवलेली खेळाची मूळ प्रत लावली. ती सुरळीत चालली. शेवटच्या अकरा सेकंदांत काळा घोडा घुसला, उलाक उडाला, काठावर आपटला आणि बाहेर पडला.

तीनदा चालवलं. तिन्ही वेळा बाहेर.

"काल आत, आज बाहेर," तलासचा कप्तान कुबात म्हणाला. "बोकड जिवंत झाला की काय?"

दोन्ही फाइलींचे ठसे ताडून पाहिले. ठसा म्हणजे फाइलीच्या प्रत्येक अक्षरावरून काढलेली अंक-अक्षरांची लांब ओळ. फाइलीत एक अक्षर बदललं तरी तो सगळा बदलतो. ठसे जुळले नाहीत. सर्व्हरवरची फाइल शुक्रवारी संध्याकाळी सहा चाळीसला बनली होती आणि बनवणाऱ्याचं नाव होतं आयजामाल.

आयजामाल स्टुडिओची प्रोग्रॅमर, वय सत्तावीस, गाव नारीनकडचं. गोल मारणारा एल्दियार तिचा सख्खा धाकटा भाऊ. "आडनाव एकच, मग चोर आणखी कुठे शोधायचा?" कुबात सगळ्यांसमोर म्हणाला.

महासंघाचे प्रमुख तोलोगोन यांना सगळे आदरानं अक्साकल, म्हणजे वडीलधारे, म्हणत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "चार वाजता समिती बसेल. तोवर उलगडा झाला नाही तर ही फाइल आणि ही मुलगी, दोन्ही मिलिशियाच्या पोलीस ठाण्यात जातील. बुरुलला बोलवा."

२

बुरुल सादीकोवा यांनी पॉलिटेक्निकमध्ये एकतीस वर्षं संख्यात्मक गणित शिकवलं होतं. महासंघाच्या कागदांवर 'तांत्रिक लवाद' म्हणून त्यांचं नाव चार वर्षं होतं, पण बोलावणं पहिल्यांदाच आलं. अकराला त्या आल्या, कोट न काढताच बसल्या आणि पेन्सिल काढली.

"एजे, 'मी काही केलं नाही' असं सगळेच म्हणत असतील ना?" समोर बसलेल्या आयजामालनं विचारलं. किर्गिझमध्ये थोरल्या बहिणीला आणि वडीलधाऱ्या बाईला 'एजे' म्हणतात.

"म्हणतात. केलेलेही आणि न केलेलेही. म्हणून मी ते लिहून घेत नाही. शुक्रवारी सहा चाळीसला कुठे होतीस?"

"पश्चिम बसस्थानकावर. एल्दियारचा संघ यायचा होता. दोलोन घाटात बर्फ होता, गाडी सव्वासातला आली."

"कुणी पाहिलं?"

"एल्दियारनं."

"तो चालणार नाही."

"माहीतय. एका बाईकडून खायला साम्सा घेतला होता, पण तिला मी कशी आठवेन?"

"मग फाइलीवर तुझं नाव कसं?"

"सर्व्हरवर सगळे माझ्याच नावानं बसतात. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलाय."

"कुणी?"

"मीच. सर्व्हर बघणारे तुर्गानदादा दिवसातून चारदा विचारायचे, वैतागले मी."

बुरुल-एजेंनी हे मात्र लिहून घेतलं. "या खेळात तुझं काम काय?"

"गणिताची लायब्ररी. घोड्याची मान किती वळली, उलाक हवेत कसा फिरला, कुठे आपटला, सगळे गुणाकार आणि बेरजा. सेकंदाला साठ वेळा. ते मी लिहिलंय." तिनं दोन कागद पुढे सरकवले. "हे बघा. कोड कंपायलरला द्यायचा असतो. तो त्याचे प्रोसेसरला कळतील असे हुकूम बनवतो. तेव्हा त्याला ज्या सूचना दिल्या, त्यांची नोंद फाइलीच्या पोटात राहते. दोन्ही फाइलींतल्या सूचना अक्षरन् अक्षर सारख्या आहेत. कोड तोच, कंपायलर तोच, सूचना त्याच. तरी फाइल वेगळी." तिचा आवाज खाली आला. "एजे, दुसऱ्या कुणाचं असतं तर मीसुद्धा हेच म्हटलं असतं की कुणीतरी हातानं बदललंय."

बुरुल-एजे सूचना वाचत होत्या. चौथ्या ओळीवर पेन्सिल थांबली. "ही?"

"ही वेगासाठी. कंपायलर ज्या यंत्रावर बसून काम करतोय, त्याचा प्रोसेसर त्यानं ओळखून घ्यायचा. त्याला जे जे जमतं ते सगळं वापरून हुकूम लिहायचे."

"नाव घेऊन प्रोसेसर का नाही सांगितला?"

"गरज काय? दोन वर्षांपूर्वी मी ही ओळ घातली तेव्हा चारही यंत्रं एकाच खेपेत आलेली, एकाच जातीची. कार्यालयातली तीन आणि सभागृहातलं..." ती थबकली. "सभागृहातलं गुरुवारी जळालं. शुक्रवारी दुपारी भाड्याचं आणलं. नवंकोरं."

"ते कुठाय आता?"

"परत चाललंय. बारा वाजता गाडी येणार आहे."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा छत्तीस झाले होते.

३

सभागृहाच्या दारात भाड्याच्या यंत्राची पेटी दोघांनी उचलली होती आणि गाडीचं इंजिन चालू होतं. बुरुल-एजे टॅक्सीतून उतरल्या, "खाली ठेवा" म्हणाल्या, आणि पेटी जमिनीला टेकताच तिच्यावर बसल्या.

"एजे, हे काय?" सर्व्हरची देखभाल करणारा तुर्गान ओशाळला. "गाडीवाला मघापासून शिव्या घालतोय."

"घालू दे. मला कमी ऐकू येतं. तुम्ही सांगा, शुक्रवारची तालीम कशी झाली?"

"लंगडी. चारला सुरू केली. घोडे अडखळत होते, सेकंदाला साठ चित्रं हवीत तर पंचेचाळीस. मी दर अर्ध्या तासानं वहीत आकडा लिहितो. शेवटची नोंद सहाची, पंचेचाळीसच."

"आणि शनिवारी?"

"अकराला चालू केलं तर साठ! लोण्यातून सुरी. मी म्हटलं, नवं जनावर आहे, रात्रीत माणसाळलं."

"यंत्रं माणसाळत नाहीत, तुर्गान. सभागृहाचं दार कोणी उघडलं?"

"शुक्रवारी सातला महासंघानं लाखेचा शिक्का मारला. शनिवारी तो माझ्यासमोर फोडला, अखंड होता."

"बाहेरच्या नेटवरून कुणी आत शिरलं असेल?"

"अंतिम सामन्याला बाहेरची तार तोडतोच आपण. ज्याला काही करायचं त्यानं त्या खुर्चीत बसूनच करायला हवं."

"मग सहा ते सात त्या खुर्चीत कोण होतं?"

तुर्गाननं मान खाजवली. "मी लगमान खायला गेलो होतो. सातला पाच कमी असताना आलो, तेव्हा कुणी नव्हतं. आयजामाल साडेपाचलाच गेली, भावाला आणायला. मुख्य अभियंता वादीम सहाला पाहुण्यांच्या गाडीतून घरी गेला, असं तोच म्हणाला. खेळाडूंना आत सोडतच नाहीत."

"एक राहिलं. सामन्याआधी फाइलीचा ठसा मोहोरबंद प्रतीशी ताडायचा असतो. ते काम कुणाचं?"

तो बुटांकडे बघायला लागला. "माझं."

"ताडला?"

"आवृत्तीचा आकडा पाहिला. तोच होता. ठसा चौसष्ट अक्षरांचा असतो, एजे... चष्मा घरी राहिला होता."

गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. बुरुल-एजेंनी त्याला हात हलवून निरोप दिला. "पेटी उघडा. यंत्र होतं तिथं होतं तसं जोडा. आणि त्याच्या पोटातल्या एकाही फाइलीला हात लावू नका. कालचा गोल अजून आत आहे."

४

वादीम पोगोरेलोव स्टुडिओचा मुख्य अभियंता. वीस वर्षांपूर्वी तो बुरुल-एजेंच्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा. 'एकदाच घडवा, तीच प्रत सगळीकडे न्या' हा स्पर्धेचा नियम त्यानंच लिहिला होता. कार्यालयाच्या भिंतीवर तो चौकटीत टांगलाही होता.

"बुरुल सादीकोव्हना, तुम्हाला उगाच त्रास." रशियन रिवाजानं वडिलांचं नाव जोडून हाक मारत त्यानं चहा ओतला, बोरसोकची, तळलेल्या पावाच्या तुकड्यांची, बशी पुढे केली. "मला विचाराल तर प्रकरण सरळ आहे. मुलगी हुशार आहे. भावाच्या मायेपोटी हात घसरला असेल. समितीनं फार ताणू नये, ताकीद द्यावी."

"म्हणजे तिनं केलं अशी तुझी खात्री आहे."

"दुसरं काय? कोड तोच, सूचना त्याच आणि फाइल वेगळी. शिवाय ती फाइल खराब आहे, इथे चालूसुद्धा झाली नाही."

"न चालणं आणि खराब असणं यात फरक असतो. तुला शिकवला होता."

तो हसला. "मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असेन."

"असशील. भाड्याचं यंत्र कसं होतं?"

"यंत्राला नावं ठेवू नका. शुक्रवारी सुरुवातीला कुरकुरलं जरा, पण मग साठला टेकलं ते टेकलं. शनिवारी मंत्र्यांसमोर एकदाही अडखळलं नाही."

बुरुल-एजेंनी बोरसोक चहात बुडवला. "शुक्रवारी तू किती वाजता निघालास?"

"सहाला, पाहुण्यांबरोबर. मांजर सकाळपासून उपाशी होतं."

"मांजर? माझ्याकडेही आहे, म्हातारं झालंय. तुझ्या मांजराचं नाव काय?"

"बार्सिक."

"छान." त्या उठल्या. "चार वाजता भेटू."

दारात त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. पहिलीखाली दोन रेघा मारल्या, दुसरीखाली एक.

५

दोनला सभागृहात पाच जण जमले: बुरुल-एजे, आयजामाल, तुर्गान आणि दोन्ही कप्तान. एल्दियार आणि कुबात एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

"आधी कालची फाइल, या यंत्रावर," बुरुल-एजे म्हणाल्या.

उलाक उडाला. काठावर आपटला. आत पडला.

"बघ!" एल्दियार ओरडला.

"म्हणजे हे यंत्रच चोर आहे," कुबात म्हणाला.

"आता कार्यालयातली प्रत, याच यंत्रावर."

उलाक उडाला, आपटला, बाहेर पडला. एल्दियारचा वर गेलेला हात तसाच राहिला.

"यंत्र चोर नाही," बुरुल-एजे म्हणाल्या. "यंत्र तेच आणि निकाल दोन. फरक फाइलीत आहे. पण कालची फाइल कार्यालयातल्या जुन्या यंत्रावर का मेली? आयजामाल, काय लिहून आलं होतं?"

"'अवैध हुकूम'." ती हळूहळू पुढे बोलली, जणू पायरी चाचपत उतरत होती. "फाइल बिघडलेली असती तर कुठेही बिघडली असती. इथे ती नीट चालते. म्हणजे तिच्यात असे हुकूम आहेत, जे जुन्या प्रोसेसरला कुणी शिकवलेच नाहीत. ते फक्त याला येतात." तिनं तोंडावर हात ठेवला. "ही फाइल इथे बसून घडवली. कंपायलरनं हा प्रोसेसर ओळखला. माझ्या त्या ओळीमुळे."

"कुणी काही बदललं नाही?" कुबातनं विचारलं.

"एक अक्षरही नाही," बुरुल-एजे म्हणाल्या. "शिंप्याला सांगितलं, समोर उभा असेल त्याच्या मापाचं शिव. समोरचा माणूस बदलला."

"शर्ट सैल झाला म्हणून गोल होतो का, एजे?"

बुरुल-एजेंनी वहीचं पान उलटलं. "इकडे ये. तुझ्याकडे तीनच आकडे लिहायला जागा आहे असं समज. एक पूर्णांक तेवीस गुणिले चार पूर्णांक छप्पन्न. कर."

कुबातनं फोन काढला. "पाच पूर्णांक सहा शून्य आठ आठ."

"तीन आकड्यांत बसव."

"पाच पूर्णांक एकसष्ट."

"त्यातून पाच पूर्णांक साठ वजा कर."

"शून्य पूर्णांक शून्य एक."

"जुना प्रोसेसर असाच करतो. गुणाकार केला की शेपूट छाटतो, मग बेरीज-वजाबाकी. नव्याला दोन्ही एका दमात येतं. तो शेपूट राखून वजाबाकी करतो आणि शेवटी एकदाच छाटतो. त्याचं उत्तर येतं शून्य पूर्णांक शून्य शून्य आठ आठ. दोघंही प्रामाणिक आहेत. खेळात तीनऐवजी सात आकडे असतात, एवढंच. सातव्या आकड्यात एकाचा फरक पडतो. एरवी दिसतही नाही. पण उलाक सेकंदाला साठदा त्या गणितातून जातो आणि काठावर उभाच पडला तर..."

"केसाएवढं इकडे की तिकडे," कुबात म्हणाला. त्यानं एल्दियारकडे पाहिलं, मग आयजामालकडे, आणि नजर काढून घेतली. "पण इथे बसून घडवली कोणी?"

"तेच आता फाइलीला विचारायचं. तुर्गान, भाड्यानं आलं तेव्हा या यंत्रावर कंपायलर होता?"

"काही नव्हतं, एजे. रिकामी कढई."

"म्हणजे कुणीतरी कोड आणि कंपायलर आपल्या डिस्कवर घेऊन आलं, जोडलं, काम उरकून काढून नेलं. आयजामाल, फाइलीतला वाचता येण्यासारखा सगळा मजकूर छापून काढ. कोड कुठल्या डिस्कवर होता, तो पत्ता चुका पकडायच्या ओळींमध्ये राहून जातो."

छपाईयंत्रानं सव्वीस पानं काढली. एकोणिसाव्या पानावर बुरुल-एजे थांबल्या, ते पान घडी करून खिशात ठेवलं. कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "आयजामाल, जरा बाहेर ये."

पायऱ्यांवर कोळशाच्या धुराचा वास होता. तीन दहा झाले होते.

"तू सुटलीस," बुरुल-एजे म्हणाल्या. "पण नियम नऊ पाठ आहे का?"

आयजामालनं डोळे मिटले. "सामना मोहोरबंद प्रतीवरच खेळायचा. नाहीतर रद्द."

"मी खरं लिहिलं की तुझ्यावरचा आळ जातो आणि तुझ्या भावाचा चषकही जातो. मी खरंच लिहिणार आहे. तुला आधी कळावं म्हणून बाहेर आणलं."

"आणि नाही लिहिलं तर चषक तसाही जातोच, वर मीही." ती ओल्या डोळ्यांनी हसली. "एजे, तीन वर्षं तो या एका फेकीसाठी झिजलाय. त्याला मी सांगू?"

"तूच सांग."

दारातून आवाज आला, "ऐकलंय मी." एल्दियार चौकटीत उभा होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो बहिणीवर उसळला, "तुझी ओळ, एजे. तुझी वेगाची ओळ!" तो पायऱ्या उतरून तडातडा निघून गेला. आयजामालनं त्याला हाक मारली नाही.

६

चार वाजता समितीच्या टेबलाभोवती तोलोगोन अक्साकल, दोन सदस्य, वादीम, तुर्गान, कुबात आणि आयजामाल बसले. एल्दियारची खुर्ची रिकामी होती.

बुरुल-एजेंनी दुपारचा प्रयोग पाच मिनिटांत सांगितला. आयजामाल त्या वेळी कुठे होती याची चर्चा त्यांनी केलीच नाही. "आता सहा ते सात त्या खुर्चीत कोण होतं, एवढंच उरतं. वादीम, तू सहाला निघालास ना?"

"सांगितलं तुम्हाला."

"आणि मला सांगितलंस, शुक्रवारी यंत्र आधी कुरकुरलं, मग साठला टेकलं. साठ तू कधी पाहिलेस?"

"तालमीत."

"तालीम सहाला संपली. तुर्गानच्या वहीत चारपासून सहापर्यंत पाच नोंदी आहेत, पाचही पंचेचाळीसच्या. सातला दाराला लाख लागली. शुक्रवारी साठ पाहायचे तर सहा चाळीसनंतर आणि सातच्या आत, फाइल नवी घडवूनच."

वादीमनं खांदे उडवले. "मग शनिवारी पाहिले असतील. बोलण्यात चूक होते, बुरुल सादीकोव्हना."

"होते. म्हणून मी तिथे थांबले नाही." त्यांनी घडी केलेलं पान उलगडलं. "फाइलीच्या पोटात त्या डिस्कचं नाव राहिलंय जिच्यावर कोड होता. वाच."

त्यानं वाचलं नाही. कुबातनं वाकून वाचलं. "बार्सिक."

वादीम मोठ्यानं हसला, जरा जास्तच मोठ्यानं. "अर्ध्या बिश्केकच्या मांजरांचं नाव बार्सिक आहे!"

"खरंय. म्हणून मी तिथेही थांबत नाही. तुझी डिस्क त्या पिशवीत आहे. तुर्गानला दे, तो जोडेल. नाव दुसरं निघालं तर मी तुझी सगळ्यांसमोर माफी मागेन."

पिशवी त्याच्या पायाशी होती. तो खाली वाकला, पट्ट्याला हात लावला आणि तसाच राहिला.

"घोडे लंगडत होते," तो शेवटी म्हणाला. "दुसऱ्या दिवशी मंत्री, पाहुणे, टीव्हीवाले. मी काहीच बदललं नाही, अक्साकल. कोड तोच, सूचना त्याच. मोहोरबंद प्रत जुन्या प्रोसेसरच्या मापाची, म्हणून सुस्त. तिथे बसून घडवली तर वेग मिळेल, एवढंच डोक्यात. गोल-बिल कुणाच्या मनात होता?"

"नव्हता, हे मी मानते," बुरुल-एजे म्हणाल्या. "शुक्रवारची ती आगाऊपणातली चूक. पण शेपूट छाटण्याचं हेच गणित मी तुला तिसऱ्या वर्षाला परीक्षेत घातलं होतं आणि तू ते बरोबर सोडवलं होतंस. आज सकाळी उलाक बाहेर पडला तेव्हा तुला कळायला किती वेळ लागला?"

वादीमनं पिशवीचा पट्टा सोडून दिला.

"लगेच," तो म्हणाला. "दहा वाजून चार मिनिटांनी."

"वादीम सेर्गेयेविच," आयजामाल पहिल्यांदाच बोलली. "दहा वाजून चार मिनिटांनी तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. माझं नाव निघालं, तेव्हा तुम्ही मला पाणी आणून दिलंत."

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "वाटलं, ताकीद देतील. मिलिशियाचं नाव निघेल असं वाटलं नव्हतं. मग ते निघालं आणि... उशीर झाला होता."

"उशीर चारला झाला. तोवर तुझ्याकडे सहा तास होते," बुरुल-एजे म्हणाल्या.

७

तोलोगोन अक्साकलांनी टोपी डोक्यावर चढवली. निकाल सांगताना ते नेहमी तसं करत. "मुलीवरचा आळ आत्ता, इथेच संपला. कुबात, सकाळी सगळ्यांसमोर काय म्हणालास ते आठवतंय?"

"आठवतंय." कुबात उभा राहिला. "चुकलो. नारीनच्या माणसाला आडनावावरून चोर ठरवलं. माझ्या आजोबांनी ऐकलं असतं तर चाबूक काढला असता."

"वादीमचं काय करायचं ते स्टुडिओचे मालक आणि महासंघ बघतील. स्पर्धेच्या यंत्रांना आजपासून तो हात लावणार नाही." अक्साकल बुरुल-एजेंकडे वळले. "आता एक सांग. जिंकलं कोण?"

"कुणीच नाही, अजून. सामना मोहोरबंद प्रतीवर झाला नाही. तुम्हाला आत पडलेला उलाक धरता येत नाही आणि बाहेर पडलेलाही धरता येत नाही. नियम नऊ."

"पुन्हा खेळायचा," एक सदस्य म्हणाला. "मात्र अत-बाशीची हरकत आली तर महिनाभर लटकेल. त्यांचा कप्तान कुठाय?"

दार उघडलं. एल्दियार आत आला. बाहेरची थंडी त्याच्या जाकिटाला चिकटून आली. तो बहिणीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"हरकत नाही," तो म्हणाला. "कागद द्या, सही करतो."

"एल्दियार..." आयजामाल मागे वळली.

"गप ग एजे. तासभर रस्त्यानं शिव्या देत हिंडलो तुला, आता थकलो." त्यानं पेन घेतलं. "मला दोन गोल नकोत, एक काल आणि एक आज. एकच पाहिजे, कुठल्याही यंत्रावर आत पडणारा."

"तो कढईच्या मधोमध टाक मग," कुबात म्हणाला.

"टाकतो. तू वाटेत येऊ नको म्हणजे झालं."

मंगळवारी सकाळी कार्यालयात गर्दी होती, पण बोलणं कमी. आयजामालनं सूचनांची फाइल मोठ्या पडद्यावर उघडली. 'यंत्र ओळखून घे' ही चौथी ओळ तिनं सगळ्यांदेखत खोडली. तिच्या जागी जुन्या-नव्या साऱ्या यंत्रांना जमेल अशा प्रोसेसरचं नाव स्पष्ट लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली: गुणाकार आणि बेरीज एका दमात करायची नाही, कुणाला येत असली तरी.

"वेग जाईल," तुर्गान म्हणाला. या वेळी त्याच्या नाकावर चष्मा होता.

"साठ येतात. रविवारी रात्रभर घोड्यांची आयाळ कातरत बसले होते, प्रत्येकाचे दोन हजार केस कमी केलेत."

कंपायलर चालला. फाइल झाली. तुर्गाननं ठशाची चौसष्ट अक्षरं मोठ्यानं वाचली, बुरुल-एजेंनी कागदावर एकेकाखाली टिंब दिलं, दोन्ही कप्तानांनी सह्या केल्या. तीच प्रत भाड्याच्या यंत्रावर आणि जुन्या यंत्रावर चालवून पाहिली. शंभर चाचणी-फेकी झाल्या आणि शंभरही दोन्हीकडे सारख्या पडल्या.

आता ती सभागृहात न्यायची होती. अक्साकलांनी विचारलं, "कोण नेणार? महासंघाचा माणूस बोलावू?"

आयजामालनं पेन ड्राइव्ह उपसला, पाकिटात घातला, लाख लावली. मग टेबलाला वळसा घालून ती तलासच्या कप्तानापुढे जाऊन उभी राहिली.

"तू ने," ती म्हणाली.

कुबात गोंधळला. त्यानं एल्दियारकडे पाहिलं, अक्साकलांकडे पाहिलं. मग जाकिटाला हात पुसले आणि वडीलधाऱ्यांकडून घ्यावं तसं ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.